वरचं हळवं, खालचं गरवं

गणपती गेले की आमच्या शेतात दोन वेगवेगळे महिने एकाच वेळी नांदायला लागतात. खाली ओहोळाच्या काठाला अजून श्रावणच असतो. भात गडद हिरवं, बुडाशी पाणी, पाण्यात खेकड्यांची लगबग. आणि घरामागचा चढ चढून दोनेकशे पावलं वर गेलं की तिथं आश्विन येऊन बसलेला. भात पिवळसर झालेलं, माती टाचेला टणक लागणारी, वाऱ्याला वाळत्या गवताचा वास. आज सकाळी शाळेत जायच्या आधी मी वर जाऊन आले. खाली उतरले तेव्हा पुन्हा चिखलातून चपला हातात घेऊन यावं लागलं.

ज्यांनी हिमालय पाहिला आहे ते याला डोंगर म्हणणार नाहीत हे मला ठाऊक आहे. माझा दादा तर सरळ टेकाडच म्हणतो. दादा बोर्डीला असतो, आमची तिथं चिकूची वाडी आहे आणि समुद्र वाडीच्या इतका जवळ की लहानपणी भरतीची वेळ आम्ही आवाजावरून सांगायचो. अशा सपाट, खाऱ्या, सावलीच्या गावातून मी लग्न होऊन उधव्याच्या अलीकडच्या या पाड्यात आले, त्याला आता चौदा वर्षं होतील. अंतर फार नाही. सकाळी निघालेला माणूस बस बदलत बदलत जेवायला तिकडे पोचतो. पण दादाचा फोन आला की अजूनही आमचं बोलणं दोन देशांतल्या माणसांसारखं होतं.

"अगं, इथे कडक ऊन पडलंय. तुझा आवाज का येत नाही नीट?"

"कौलांवर पाऊस वाजतोय, दादा."

मोबाईलमध्ये आम्हा दोघांसाठी डहाणूच्या नावापुढे एकच ढग दाखवतात. तो ढग दादाचा की माझा, हे मोबाईलला कुणी विचारत नाही. पौषात तिकडे रात्री पंखा लागतो आणि इकडे गोधडीतून पाय बाहेर काढवत नाही. मी हौसेनं माहेरून आणलेला नारळाचा रोपा इथे इतकी वर्षं नुसता उभा आहे. मरत नाही आणि मोठाही होत नाही. सासूबाई त्याला 'तुझा भाऊ' म्हणतात. "पानी घाल गं तुझ्या भावाला," म्हणतात, आणि दादा आला असेल तर त्याच्यासमोरही म्हणतात.

मी शाळेत भूगोल शिकवते. समुद्रसपाटीपासून जसजसं उंच जावं तसतसं तापमान कमी होतं, हे वाक्य मी इतक्यांदा फळ्यावर लिहिलंय की झोपेतही लिहीन. डोंगर ढगांना अडवतात आणि म्हणून डोंगराळ भागात पाऊस जास्त पडतो, हे त्याच्या पुढचं वाक्य. एकदा सहावीतल्या एका पोरीनं विचारलं होतं, "बाई, डोंगरावर थंड असतं, तं आमची आय वरून लाकडं आनते तवा घामानं का भिजतं?" वर्ग हसला, मीही हसले. तिला मी काहीतरी उत्तर दिलं, ते आता आठवत नाही. एवढं आठवतं की आपल्याला हा विषय येतो, याबद्दल मला तेव्हा तिळमात्र शंका नव्हती.

दर वर्षी हे दिवस आले, वर पिवळं आणि खाली हिरवं असं दिसू लागलं, की मला लग्नानंतरचा तिसरा पावसाळा आठवतो. आठवतो म्हणजे कान गरम होतात.

आमची शेती थोडकी. खाली ओहोळापाशी एक तुकडा, आणि वर चढावर बांध घालून केलेल्या चार पायऱ्या. खालच्या तुकड्यात गरवं भात होतं. त्याला पिकायला वेळ लागतो, दिवाळीच्या आसपास कापणी. वरच्या पायऱ्यांवर हळवं. ते महिनाभर आधी हाती येतं. खालचं भात येईपर्यंत घर त्याच्यावर चालतं. शिवाय आमच्याकडे नव्याचा रिवाज आहे. वरच्या हळव्याचं नवं देवापुढे ठेवल्याशिवाय घरातलं कुणी त्या वर्षीचा दाणा तोंडात घालत नाही. या हळव्याला दुसरं नाव नव्हतं. जाड दाणा, तांबूस साल, टोकाला टोचणारं कुसळ. सासूबाईंच्या सासूबाई ते पेरायच्या, त्यांच्या आधी कोण पेरायचं ते कुणाला ठाऊक नाही. पाड्यातल्या बाकीच्यांनी पिशवीतलं बियाणं घ्यायला सुरुवात करून बरीच वर्षं झाली होती. आमच्या घरात मात्र दर वर्षी सासूबाई स्वतः निवडून बियाणं कणगीत भरायच्या, वर शेणानं लिंपायच्या.

त्या वर्षी माझी नणंद बाळंतपणाला टेकली आणि सासूबाई सरावलीला तिच्याकडे गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "वरच्याचं बी कणगीत हाय. पाऊस लागायच्या आत राबात पेर. खालच्याचं किसन बघंल." किसन म्हणजे माझा नवरा. तो राज्याच्या सीमेपलीकडे कंपनीत पाळ्या करतो, त्यामुळे शेतीत तो रविवारपुरताच असतो.

मी कणगी उघडली. तो लालसर, कुसळांचा, खेडवळ दाणा हातात घेतला आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली.

एक तर 'हळवं' हा शब्द. माझ्या माहेरी माणसाला हळवं म्हटलं की तो जरा काही झालं की डोळ्यांत पाणी आणणारा. मला वाटलं, हे भातही तसंच, नाजूक, कमी ताकदीचं. गरीब जमिनीवर कसंबसं येणारं. दुसरं म्हणजे माझा भूगोल. डोंगरावर पाऊस जास्त. म्हणजे वर पाणी जास्त. म्हणजे भरघोस, बारीक दाण्याचं, जास्त दिवसांचं भात खरं तर वर लावायला हवं, आणि ही माणसं इतक्या पिढ्या उलटं करत आली आहेत. मी दादाला फोन लावला. बोर्डीच्या पलीकडच्या खाजणातल्या जमिनीजवळ त्याच्या ओळखीच्या माणसाचं गरवं भात फार सुरेख यायचं, पांढरं आणि वासाचं. दादानं दोन पायली बियाणं पाठवून दिलं.

"आईला विचारलंस?" किसननं विचारलं.

"त्यांना कशाला बाळंतिणीपाशी त्रास? आल्यावर बघतीलच की."

मला त्यांना चकित करायचं होतं. तशा त्या झाल्या.

आणि कणगीतलं हळवं? तेही सांगून टाकते. मी ते गिरणीत भरडून आणलं. घरातले तांदूळ संपत आले होते, आणि एवढं धान्य उगाच पडून राहावं हे मला पटेना. पंधरा दिवस आम्ही त्याचा भात खाल्ला, पेज केली, एकदा शाळेतल्या बाईंना जेवायला बोलावलं. या घराचं पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं बियाणं मी कैरीच्या लोणच्याबरोबर संपवलं.

राब, म्हणजे रोपांचा वाफा, उत्तम उगवला. आवणी झाली. चिखलात रोपं लावताना माझ्याबरोबरच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या, पण मास्तरणीला कोण बोलणार? चारही पायऱ्या हिरव्यागार झाल्या. पाऊसही माझ्या बाजूनं होता. वरून खाली पाणी असं खळखळत जायचं की मी अंगणात उभी राहून अभिमानानं बघायची. ते पाणी खाली जातंय, हे मी डोळ्यांनी बघत होते, आणि त्याचा अर्थ मला कळत नव्हता.

सासूबाई श्रावणाच्या तोंडावर परत आल्या. पिशवी ओट्यावर ठेवली, चहासुद्धा न घेता वर गेल्या. मी मागोमाग. त्यांनी एक पात बोटांत धरली, उलटी करून पाहिली.

"हे कुठलं?"

"दादानं पाठवलं. बोर्डीचं गरवं. फार छान तांदूळ होतो, आई."

"नि आपलं?"

मी सांगितलं. त्या तशाच खाली आल्या, कणगीचं तोंड उघडलं आणि आत खांद्यापर्यंत हात घातला. मला दारातून त्यांची फक्त पाठ दिसत होती. तो हात त्यांनी किती वेळ आत फिरवला! तळाशी, कडेनं, पुन्हा तळाशी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला 'तुम्ही' म्हणायला सुरुवात केली. "चहा घ्या." "शाळेला उशीर होल तुमाला." एरवी 'पोरी' आणि 'अगं' यांच्याशिवाय हाक न मारणारी बाई कलेक्टरीणबाईशी बोलावं तसं बोलायला लागली. किसन मध्यस्थी करायला गेला तर म्हणाल्या, "मास्तरीण हाय ती. मी कोन शिकवनारी?" मी पाड्यातल्या घरोघर विचारून आले, कुणाकडे हे बियाणं असेल तर पसाभर द्या म्हणून. कुणाकडेच नव्हतं. ते फक्त आमच्याकडे होतं, हे मला तेव्हा कळलं. भाताचं जुनं बी एकदा पेरायचं राहिलं की पुढच्या साली उगवेल याची खात्री नसते. आमच्याकडे तर जुनंसुद्धा उरलं नव्हतं. एका जातीचा शेवट माझ्या हातून झाला होता आणि त्या गोष्टीचं ओझं मी रोज शाळेत घेऊन जात होते.

गणपती गेले. त्या वर्षी पावसानं लवकर आवरतं घेतलं. वरच्या पायऱ्यांतलं पाणी आठवड्याभरात नाहीसं झालं. खाली ओहोळापाशी मात्र अजून टाच बुडत होती. मी रोज वर जाऊन माती दाबून पाहायची. माझं गरवं उंच, हिरवं, देखणं उभं होतं, आणि अजून पोटरीतसुद्धा आलं नव्हतं, कणसं तर दूरच.

एका रविवारी सकाळी वरून सासूबाईंची हाक आली. हाक म्हणजे किंकाळीच. मला वाटलं, साप चावला. मी भाकरी तव्यावर टाकून तशीच धावले.

"पोरी! ये, ये लवकर! हे बघ!"

मी आधी ती 'पोरी' ऐकली. त्या दुसऱ्या पायरीच्या बांधावर उकिडव्या बसल्या होत्या आणि हिरव्या भातात बोट दाखवत होत्या. तिथं, माझ्या देखण्या गरव्याच्या मधोमध, एक बुटकी पिवळी काडी उभी होती. टोकाला भरलेलं कणीस, तांबूस, कुसळाचं.

गेल्या वर्षी कापणीच्या वेळी गळलेले दाणे होते ते. मातीत पडले, नांगराखाली गेले, चिखलात तुडवले गेले आणि तरी त्यातले काही आपले आपण उगवले. हिरवं असताना गरव्यात ते ओळखू आलं नसतं. आता ते पिकलं होतं आणि बाकीचं शेत कच्चं होतं, म्हणून दिसलं. वर हळवंच पेरलं असतं तर ही काडी कुणाला वेगळी दिसलीच नसती, आणि तशी गरजही पडली नसती, हेही खरं.

आम्ही दोघींनी चारही पायऱ्या धुंडाळल्या. वाकून, ओळीओळीनं. भाताच्या पातीनं हात कापून निघाले. मला दहा पावलांत एक दिसायचं, त्यांना तीन. प्रत्येक कणीस त्या नखानं खुडून पदरात टाकत होत्या आणि पदर असा धरला होता की आत तान्हं मूल असावं. दुपारी उन्हं चढली तेव्हा आम्ही बांधावर बसलो. तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झाला असणार, पण दोघींपैकी कुणी तिचं नाव काढलं नाही.

"हळवं म्हंजे काय समजलीस गं तू?" त्यांनी विचारलं.

"दुबळं."

त्या हसल्या. इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. "दुबळं? अगं, त्याला ठावं हाय, इथं पानी किती दिस रहतं. तेवढ्यात आपलं आवरून घेतं. गरवं ते लाडाचं. पानी हाय तवर बसून रहनार. वर पाऊस पाव्हना असतं, पोरी. येतं, गोंधळ घालतं, जातं. खाली तो घरजावई."

"पण वर पाऊस जास्त पडतो ना?"

"पडतं. डोंगर ठेवतं कुठं?"

माझ्या भूगोलाच्या पुस्तकात हे वाक्य नव्हतं. पाऊस किती पडतो ते होतं, किती राहतो ते नव्हतं. दोनशे पावलांच्या चढात पाणी, माती, वारा, दव सगळं बदलतं, आणि त्या बदलाच्या मापानं कुणीतरी कधीतरी बियाणं निवडून ठेवलं होतं. ते माप कुठे लिहिलेलं नव्हतं. ते त्या दाण्यातच होतं, आणि मी त्याची पेज केली होती.

घरी येऊन कणसं सुपात मळली. दोन ओंजळी भात निघालं. आता नव्याचं काय करायचं, हा प्रश्न होता. नवं करायचं तर हळव्याचाच भात शिजवायला हवा, आणि शिजवायचं तर बियाणं जाणार. सासूबाईंनी पाच कणसं न मळता ठेवली होती. ती देवापुढे ठेवली, हात जोडले आणि पुन्हा उचलून घेतली. "देवानं बघितलं. बेस झालं," म्हणाल्या. "खायला त्याला काय घाई हाय?" त्या वर्षी आमच्या घरी नव्याचा भात शिजला नाही.

वरच्या गरव्याचं व्हायचं तेच झालं. नवरात्रात जमिनीला भेगा पडल्या. मी दोन रविवार ओहोळावरून हंडे भरून वर नेले. सासूबाईंनी मला नेऊ दिले. अडवलं नाही, हसल्याही नाहीत. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी माझ्या डोक्यावरचा हंडा स्वतः उतरवून घेतला आणि म्हणाल्या, "पुरे आता. कापू." पोटरीतलं भात आम्ही हिरवंच कापलं आणि बैलांना घातलं. तो पांढरा, वासाचा तांदूळ आमच्या बैलांनी खाल्ला, तोही दाणा भरायच्या आत. कापलेल्या जागेत सासूबाईंनी कुळीथ टाकला. पाणी नाही, पाऊस नाही, आणि तरी पहाटेच्या दवावर तो उगवून आला. पौषात त्याचं पिठलं खाताना मी त्यांना म्हटलं, "हे बरं झालं." त्या म्हणाल्या, "उगा लाडात येऊ नको."

पुढच्या वर्षी दोन ओंजळींचा एवढासा राब. त्याच्याभोवती कोंबड्यांसाठी काट्यांचं कुंपण, आणि कुंपणाशी रोज सकाळी मी. एकेक रोप सुटं लावून वरच्या एका पायरीचा कोपरा भरला. त्यातून टोपलीभर भात आलं. तेही सगळं कणगीत. आमच्या घरात तांदूळ होता, खालचा होता, रेशनचा होता. पण हळव्याचा घास कुणी घेतला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी चारही पायऱ्या पिवळ्या झाल्या. तेव्हा कुठे नव्याचा भात शिजला. खरं सांगू? चवीला तो काही विशेष नाही. जाड आहे, जरा गोडसर, घशाला अडतो. मी त्या दिवशी तीनदा वाढून घेतला.

पाड्यातल्या सहा घरांत आता ते पुन्हा गेलंय. गेल्या तीन-चार वर्षांत पाऊस कधी आवरेल याचा नेम राहिलेला नाही, आणि पिशवीतलं भात वरच्या अंगाला दोनदा फसलं. मग बायका सूप घेऊन सासूबाईंकडे यायला लागल्या. त्या देतात, पण आधी प्रत्येकीला विचारतात, "खानार नाय ना?" आणि माझ्याकडे बघतात. सहावीचा तो धडा मी आता वर्गात शिकवत नाही. मुलांना ओहोळापासून वर चालत नेते आणि प्रत्येक बांधावर माती हातात घ्यायला लावते. उंची म्हणजे काय, ते पायांना कळतं.

एक गोष्ट मात्र इतक्या वर्षांत सासूबाईंनी कुणाच्या हाती दिली नव्हती. कापायचं कधी, हे त्या ठरवायच्या. चार दिवस आधी कापलं तर दाणा पोचट राहतो आणि बी उगवत नाही. चार दिवस उशीर झाला तर गळून जातं. पानाच्या रंगावर त्यांचा भरवसा नाही. त्या वर जायच्या, एक दाणा सोलून दाढेखाली धरायच्या आणि मग सांगायच्या, उद्या, किंवा अजून नाही. मी विचारलं तर म्हणायच्या, "हे सांगून येत नाय."

यंदा त्यांचे गुडघे चढ घेत नाहीत. आज संध्याकाळी मी वरून तीन कणसं खुडून आणली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली. किसन पाळीवरून नुकताच आला होता. बूट काढता काढता त्यानं विचारलं, "आई, कधी कापायचं? मला सुट्टी टाकायला लागंल."

त्यांनी एक दाणा नखानं सोलला. तोंडाशी नेला आणि थांबल्या. मग तो माझ्यासमोर धरला.

"माझे दात ह्या साली गेले. घे. चाव."

या घराचं बियाणं एकदा खाऊन बसलेलं तोंड माझं. मी किसनकडे बघितलं, तो बुटाच्या नाडीकडे बघत होता. मी दाणा दाढेखाली धरला आणि हळूच दाबला. बाहेरून कडक होता. आत अगदी मधोमध, जरासा, दबला.

"काय सांगतं?" त्यांनी विचारलं.

"उद्या नको," मी म्हटलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला. "परवा."

उरलेली कणसं त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी दुसरा दाणा सोलून पाहिला नाही.

"ऐकलास ना?" त्या किसनला म्हणाल्या. "परवाची सुट्टी टाक."